आखाजीचा झोका, पौर्णिमेचे माहेर

आमच्या खानदेशातील जुनी माणसे वर्ष मोजायची ती आखाजीपासून. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी यायच्या. निंबाला झोके बांधले जायचे. खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस व्हायचा. पुरुष मंडळी पत्ते कुटत बसायची. आणि त्याच दिवशी सालदाराचे साल भरायचे. वर्षभर ज्याच्या शेतात आणि गोठ्यात राबलो त्याच्याशी हिशेब व्हायचा, पुढच्या सालाची बोली ठरायची. माझे वडील सालदार होते. पहाटेच्या शेणापासून रात्रीच्या राखणीपर्यंत काम त्यांचेच. त्याला तासांची गणती नव्हती. हिशेबात बहुधा उचलच जास्त निघायची आणि ते पुन्हा त्याच दारात साल धरायचे. म्हणून आखाजी आम्हाला गोड होती, तशी कडूही होती.

मी मात्र भोंग्यावर जगलो. शहाद्याजवळचे पुरुषोत्तमनगर हे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे गाव. येथे माझी हयात पाळीच्या नोकरीत गेली. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. नोकरीला लागलो तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यातच होतो. भोंगा झाला की कामावर जायचे, पुढचा झाला की घरी यायचे. वडिलांना याचे फार अप्रूप वाटे. "आठ तासांनी खरंच सोडतात?" असे ते विचारीत.

हे आठ तास आभाळातून पडले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याने आणलेल्या १९४६ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांचे कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. साखरेसारख्या हंगामी कारखान्यांचे ६० वरून ५० झाले. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने सगळ्यांनाच ४८ तास मिळाले. सालदाराच्या पोराला घड्याळ मिळाले ते असे.

गळीत हंगामात रजा मिळणे कठीण, पण सण कधी चुकला नाही. माझा एक आदिवासी जोडीदार होता. सातपुड्यातील काठीच्या होळीला तो निघाला की त्याची पाळी मी करायचो. चौदा एप्रिलला माझी पाळी तो करायचा. "तू तुझ्या बाबासाहेबांकडे जा, मशीन मी पाहतो," एवढेच त्याचे बोलणे. असे जोडीदार मिळाले हीच नोकरीची खरी कमाई.

आता भोंगा माझ्यासाठी वाजत नाही. सकाळी उसाच्या कडेने फेरी मारतो. चहाच्या टपरीवर पेपर मोठ्याने वाचतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी दोघांचे चष्मे फुटलेले आहेत. पेन्शन थोडी आहे. ती चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा यंत्रावर बोट टेकवून आपण जिवंत असल्याचे सांगावे लागते. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. रोजची पाने मीच वाचतो. ३१ जुलैला अंगात बळ असेल तर धुळ्याची एस.टी. धरतो. १९३७ साली त्याच तारखेला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या आठवणीने तेथे दरवर्षी भीमस्मृती यात्रा भरते. मार्गशीर्षात नातवंडांना सारंगखेड्याला नेतो. ती यात्रा दत्ताची असली तरी आम्ही जातो ते घोडे पाहायला. तापीकाठी देशभरातून आलेली एवढी देखणी जनावरे पाहून पोरांचे डोळे निवतात.

पण सगळ्यांत जास्त वाट पाहतो ती वैशाखी पौर्णिमेची. त्याला कारण आहे.

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. पुढच्या काही वर्षांत ते वारे आमच्या खेड्यातही पोहोचले. मी तेव्हा शाळेत दुसरी-तिसरीत असेन. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरण्याची रीत असते. बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारले आहे. वडिलांनी घागर बंद केली आणि तिच्याबरोबर सगळी आखाजीच बंद केली. थोरल्या बहिणीला आणायला त्या वर्षी कोणी गेले नाही. माय तीन दिवस गप्प होती. चौथ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "घागर बंद कयी, बरं कयं. पन पोरीस्ना झोका कसाले बंद कया?"

वडिलांना अक्षर येत नव्हते, पण माणूस विचारी होता. घागर मेलेल्यांसाठी होती, झोका जित्या लेकीसाठी होता, हा फरक त्यांना उमगला. आखाजीनंतर बाराव्या दिवशी वैशाखी पौर्णिमा येते. तथागतांचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण यांचा हा मंगल दिवस. वडील पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पायी गेले आणि बहिणीला घेऊन आले. वस्तीतल्या निंबाला त्यांनी स्वतः दोर बांधला. बाकीच्यांच्या लेकीही आल्या. झोक्यावरच्या जुन्या चालीत बायांनी भीमाचे नाव गुंफले. बहिणीचा झोका वर गेला की माय खालून हसायची. वस्तीत कोणी ठराव केला नाही, की भाषण दिले नाही. पण त्या वर्षापासून आमच्या लेकींचे माहेर पौर्णिमेला ठरले.

आज पौर्णिमा मोठी झाली आहे. मंडप असतो, ध्वनिक्षेपक असतो, मिरवणूक असते, पाहुणे वक्ते असतात. पण लेक सकाळी मोटारसायकलवर येते, खीर रांधायला लागते, दोनशे माणसांच्या पंक्ती वाढते आणि संध्याकाळी सासरी परत जाते. सण बदलला, देव गेले, चूल मात्र तिचीच राहिली. तिला ना पाळी, ना भोंगा, ना साप्ताहिक सुट्टी. आठ तासांची लढाई आपल्या घरात अजून पोहोचलीच नाही, असे मला वाटते.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. गिरणीत राबणाऱ्या बाईला विसावा मिळावा आणि त्या काळात तिची मिळकत बुडू नये, ही त्यामागची मागणी होती. बाईचा विसावा हा तिचा हक्क आहे, ती कोणाची मेहरबानी नाही, हे ज्यांनी शिकवले त्यांचे आपण अनुयायी म्हणवतो.

म्हणून गेल्या पौर्णिमेला आम्ही पाच पेन्शनरांनी एक गोष्ट केली. आम्हाला वेळच वेळ आहे. विहारामागे चूल मांडली, कढई चढवली आणि खीर आम्ही रांधली. तरुण पोरांनी वाढले आणि भांडीही घासली. लेकींना आदल्या दिवशीच बोलावून घेतले होते. निंबाला दोन झोके बांधले. पहिल्यांदा सगळ्या जणी संकोचल्या. मग एक बसली, दुसरी बसली. शेवटी आमच्या घरच्या मंडळी उठल्या. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे. मी म्हटले, "जपून बसा." त्या म्हणाल्या, "तुम्ही खीर ढवळा, माझं मी पाहते." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना झोक्यावर पाहिले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बंधूंनो, पुढची पौर्णिमा जवळ आली की वर्गणीचा हिशेब करा, मंडपही सांगा. पण त्याआधी लेकीला निरोप धाडा, आणि तिला दोन दिवसांसाठी बोलवा. चुलीजवळ आपण उभे राहू. ज्यांच्या वस्तीत निंब नसेल त्यांनी या पावसाळ्यात एक लावावा. तो वाढायला वेळ लागतो.

जयभीम!