राखेची वीट

मनमाड हे रेल्वेचे गाव. लहानपणी मी अब्बांबरोबर स्टेशनच्या पुलावर उभा राहून मालगाडीचे डबे मोजत असे. एकदा कोळशाची लांबलचक गाडी गेली.

"अब्बा, एवढा कोळसा कुठे जातो?"

"नाशिकजवळ एकलहऱ्याला. तिथे तो जाळून वीज तयार करतात."

"आणि त्याची राख?"

अब्बा हसून म्हणाले, "बेटा, आज टाकून देत असतील. पण तिलाही कधीतरी गिऱ्हाईक मिळेल."

असे उत्तर अब्बाच देऊ शकत होते. त्यांचा भंगाराचा धंदा होता. गावभर हातगाडी फिरवून ते मोडके पत्रे, बाटल्या, रद्दी गोळा करत. संध्याकाळी अंगणात बसून लोखंड, पितळ, काच वेगवेगळी करत. मला मात्र त्याची लाज वाटे. सातवीत असताना शाळेच्या एका कागदावर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी 'व्यापारी' असे लिहिले. अब्बांनी तो कागद वाचला, खाली सही केली आणि ते काही बोलले नाहीत.

पुढे मी बी.एड. होऊन शिक्षक झालो. एका पाठासाठी माहिती जमवताना अब्बांचे बोल आठवले. आपल्या देशातील दगडी कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे शंभर डबे कोळसा जाळला, की तीस-चाळीस डबे राख उरते! ही राख पिठासारखी बारीक असते. ती उघड्यावर पडली, तर हवा आणि पाणी खराब करते. पण तिच्यात चुना, जिप्सम आणि दगडाची कच मिसळून यंत्रात दाबली, की वीट तयार होते. ही वीट भट्टीत भाजावी लागत नाही. काही दिवस पाणी मारले, की राख आणि चुना एकजीव होऊन ती घट्ट होते. त्यामुळे शेताची सुपीक माती वाचते आणि भट्टीचे इंधनही वाचते. १९९९ साली केंद्र सरकारने नियम केला, की वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांनी मातीत किमान पाव हिस्सा राख मिसळावी. पुढे ही हद्द वाढवण्यात आली.

शेतातल्या कचऱ्याचेही तसेच आहे. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या आपण चुलीत घालतो किंवा बांधावर जाळतो. मुंबईत माटुंग्याला कापसावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी पऱ्हाट्यांचा भुगा करून, त्यात चिकट राळ मिसळून व तो तापवून दाबून फळ्या बनवण्याची रीत शोधली. अशा फळ्यांपासून कपाटे आणि टेबले होतात. झाड न तोडता लाकडाचे काम भागते.

एकदा मी राखेची वीट वर्गात नेली. मुलांनी ती हातात घेऊन पाहिली. एकाने विचारले, "सर, कचऱ्याची वीट होते, हे तुम्हाला कुणी सांगितले?"

मी क्षणभर थांबलो. मग म्हणालो, "विटेचे मी पुस्तकात वाचले. पण कचऱ्यालाही किंमत असते, हे माझ्या वडिलांनी सांगितले. ते भंगारवाले होते."

वर्गात कुणी हसले नाही. सातवीत लिहायचे राहिलेले ते वाक्य मी इतक्या वर्षांनी मोठ्याने म्हटले होते. ते ऐकायला अब्बा मात्र नव्हते.