मामंजींचा कारटेप



घरातली एखादी वस्तू जुनी होऊन त्रास द्यायला लागली की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "काढून टाका, नवीन घ्या." आमच्या गाडीतल्या टेपचंही तेच झालं. टेप म्हणजे कॅसेटचा, गोल नॉबवाला जुना कारटेप.

गाडी मामंजींची. 2001 साली घेतलेली सॅन स्टॉर्म. गोव्यात तयार झालेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन, फायबरची बॉडी. मामंजी तेव्हा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवायचे. घरात माणसं आठ आणि गाडीत जागा दोघांची, म्हणून सगळे नातेवाईक हसले होते. आत्याबाई मात्र रविवारी डोक्यावरचा पदर घट्ट धरून ऐटीत शेजारी बसायच्या.

आत्याबाई गेल्या. चार वर्षांपूर्वी मामंजींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं, गाडी चालवणं थांबलं. पण रोज चार वाजले की काठी टेकत ते पोर्चपर्यंत जायचे, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे आणि नाट्यसंगीताच्या कॅसेट लावायचे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे टेप डाव्या हाताशी येतो. शाबूत राहिलेला हात नेमका तोच. डॉक्टर म्हणायचे, त्यांना चालतं ठेवा. पोर्चपर्यंतची ती चाळीस पावलं हाच त्यांचा व्यायाम होता.

गेल्या पावसाळ्यात टेप बिघडला. आवाज वाढवला की बंद पडायचा. इंजिन चालू असलं तर स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वाढायची. शेवटी एक कॅसेट आत गुंडाळली गेली. त्यानंतर मामंजींनी पोर्चात जाणंच सोडलं. चार वाजले तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. चहा तसाच गार व्हायचा.

दुकानदाराने गाडी बघितली आणि टचस्क्रीन सुचवला. चौदा हजार रुपये, आणि डॅशबोर्ड थोडा कापावा लागेल म्हणाला. जुन्या टेपची खाच साधारण 180 मिमी रुंद आणि 50 मिमी उंच असते. मोठ्या पडद्याला दुप्पट, म्हणजे 100 मिमी उंची लागते. चिरंजीव लगेच तयार झाला, "आई, आजोबांना हवं ते गाणं फोनवरून लावून देईन." मी त्याला म्हटलं, "डोळे मीट आणि डाव्या हाताने फोनचा पडदा दाबून आवाज कमी करून दाखव." जमेना. मग टेपच्या नॉबवर हात ठेवायला सांगितला. हात न्यायचा आणि फिरवायचा, बघायची गरजच नाही. थरथरत्या बोटांना काय सोपं, ते त्यालाच कळलं. म्हणाला, "थांब, आधी बिघाड कुठे आहे ते शोधू."

मल्टिमीटर त्याच्याकडे होताच. टेप बाहेर ओढला. मागे सहसा पिवळी तार कायमच्या करंटची, लाल चावी फिरवल्यावरची आणि काळी अर्थिंगची असते. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, पण आवाज वाढवला की टेपला जेमतेम 10 व्होल्ट मिळायचे. मग त्याने मीटरची एक पिन काळ्या तारेला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. तिथे असायला हवा होता अगदी नगण्य फरक, दिसले 2.2 व्होल्ट. म्हणजे करंट येत होता, त्याला परत जायची वाट नीट मिळत नव्हती.

पत्र्याच्या गाडीत काळी तार जवळच्या पत्र्याला आवळली तरी चालून जातं, कारण पत्र्यातून करंट परत जातो. फायबरमधून तो जात नाही. अशा गाडीत अर्थिंगची तार थेट बॅटरीपर्यंत किंवा खालच्या लोखंडापर्यंत न्यावी लागते. आमच्या तारेचं टोक इतक्या वर्षांच्या ओलाव्याने हिरवं पडून सुटत आलं होतं. चिरंजीवाने आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला, नवीन जाड तार टाकली, मग तो परत जोडला. शिट्टी थांबली, आवाज वाढवला तरी टेप बंद पडेना. स्पीकर तपासायची युक्तीही त्याने मला शिकवली. भिंतीवरच्या घड्याळातला 1.5 व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन तारांना क्षणभर लावायचा. 'टक्' असा आवाज आला की स्पीकर जिवंत.

कॅसेट खाण्याचा प्रश्न उरला होता. गावभागात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी टेप उघडून दाखवला. आतला रबरी बेल्ट सैल आणि चिकट झाला होता. बेल्ट बदलला, हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. गुंडाळलेली फीत पेन्सिलीने हळूहळू परत ओढून घेतली. सगळा खर्च साडेसहाशे रुपये.

एक नणंद म्हणाल्या, "जुनी गाडी, जुना टेप, हा मोहच की! परिग्रह तो परिग्रहच." त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं. वस्तूत जीव अडकणं म्हणजेच परिग्रह, हे आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. पण मला वाटतं, चालू शकणारी वस्तू कचऱ्यात टाकून चौदा हजारांची दुसरी आणणं हेसुद्धा परिमाणाच्या व्रतात बसत नाही. आणि टेप आम्हाला मिरवायला नको होता. एका माणसाने अंथरुणातून उठावं, एवढ्यासाठीच तो हवा होता.

टेप बसवला त्या दिवशी आम्ही मामंजींना काही सांगितलं नाही. चार वाजता चिरंजीवाने पोर्चात कॅसेट लावली आणि दार उघडं ठेवलं. थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. ते सीटवर बसले, डावा हात नॉबवर नेला आणि आवाज वाढवला. ताना सुरू झाल्या तेव्हा त्यांचे ओठ हलायला लागले. शब्द नीट नव्हते, पण सूर बरोबर होता. सूर्यास्ताआधीच्या जेवणाला मला दोनदा हाक मारावी लागली.

तुमच्या घरी असा जुना टेप असेल तर तो फेकण्याआधी फ्यूज, काळी तार आणि बेल्ट या तीन गोष्टी तपासून घ्या. कॅसेट कोरड्या जागी उभ्या ठेवा आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण फिरवा, म्हणजे फीत एकमेकीला चिकटत नाही.