अंड्यांचा प्रवास

पेटीत बंद होऊन पुस्तके येतात, औषधे येतात, कापड येते. पण जीव येऊ शकतो काय? या प्रश्नाचे उत्तर मला दिंडोरीस आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींनी दाखविले.

2022 सालच्या उन्हाळ्यात मानमोडीच्या रोगाने मावशींचे खुराडे रिकामे झाले. अंडी विकून त्या धाकट्या मुलीच्या शाळेचा खर्च भागवीत. कोंबड्यांबरोबर तो आधारही गेला. पण हातपाय गाळून बसणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी खुराड्यास चुना दिला, काही महिने ते मोकळे ठेवले, आणि मध्य प्रदेशात झाबुआ येथे नोकरीस असलेल्या आपल्या भावास निरोप धाडला.

झाबुआचा मुलूख म्हणजे कडकनाथ कोंबड्यांचे माहेर. त्यांची पिसे, कातडी, मांस, इतकेच काय, हाडेदेखील काळसर असतात. अंडी मात्र फिकट बदामी! 2018 साली झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक मानांकनही मिळाले.

दिवाळीनंतर हवेत गारवा आला, तेव्हा पार्सलने एक पेटी आली. भुशात, निमुळते टोक खाली करून, कागदात गुंडाळलेली 14 अंडी तीत होती. दोहोंना तडे गेले होते. 12 धड होती.

“आई, आताच कोंबडीखाली ठेवू या ना!” मुलगी म्हणाली.

“लांबून आलेला पाहुणासुद्धा घटकाभर टेकतो. यांनाही एक दिवस टेकू दे,” मावशी म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात शास्त्र होते. अंड्याच्या रुंद टोकाशी हवेची पोकळी असते. पिवळा बलक दोन पीळदार दोऱ्यांनी मध्यभागी तोललेला असतो. प्रवासातील हादऱ्यांनी ही घडी विसकटते. विश्रांतीने ती पुष्कळशी बसते. ऊब लागेपर्यंत आतील जीव जणू झोपलेला असतो, म्हणूनच तो प्रवास सोसतो. परंतु आठवडा उलटला, की त्याची आशा दिवसेंदिवस कमी होत जाते.

कडकनाथ कोंबडी सहसा खुडूक होत नाही. म्हणून मावशींनी शेजारून एक खुडूक गावरान कोंबडी उसनी आणली आणि दिवेलागणीस तिला पाटीतल्या अंड्यांवर बसविले. दाणापाण्यापुरती ती उठे. दिवसातून कितीतरी वेळा ती चोचीने अंडी फिरवी. तसे न केल्यास गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्यास चिकटतो. मोठ्या उबवणी केंद्रांतील यंत्रे हेच काम सुमारे 37.5 अंश सेल्सिअस उष्णतेत करतात. प्राचीन इजिप्तमध्ये तर लोक विटांच्या भट्ट्यांत अंडी उबवीत. माणसाने हे सारे शिकून घेतले. कोंबडीस मात्र ते कोणी शिकविले नव्हते.

सातव्या रात्री मावशींनी एकेक अंडे विजेरीसमोर धरले. नऊ अंड्यांत तांबड्या धाग्यांचे जाळे आणि मध्ये काळा ठिपका दिसला. तीन अंडी मात्र पाण्यासारखी स्वच्छ होती. काही न बोलता मावशींनी ती बाजूला ठेवली.

एकविसाव्या दिवशी सायंकाळपर्यंत सहा काळीभोर पिले बाहेर आली. सातव्या अंड्यास भोक पडले, आणि आतील पिलू निपचित झाले. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “आपण कवच सोलू या का?”

“नको, बाळ. त्याला त्याच्या वेळेने येऊ दे.”

त्या शेवटच्या घटकांत पिलू कवचालगतच्या शिरांतील रक्त आणि उरलेला बलक आपल्या देहात ओढून घेत असते. घाईने कवच सोलले, तर ते रक्तबंबाळ होऊन मरते. मायलेकींनी ती रात्र पाटीपाशीच काढली. सकाळी सातवे पिलू गावरान आईच्या तांबूस पंखांतून डोके बाहेर काढून पाहत होते! उरलेली दोन अंडी फुटलीच नाहीत.

चौदांतून सातच आली. पण मावशींनी गेलेल्यांचा हिशोब मांडला नाही. सातांना निगुतीने वाढविले. 2023 सालच्या जून महिन्यात, शाळा उघडण्याच्या सुमारास, त्यांतील चार तलंगा अंड्यांवर आल्या, आणि मुलीची नवी पुस्तके त्याच पैशांतून आली.

उतावीळपणाने केलेली मदत कधी कधी घातक ठरते, आणि जागरूक राहून धरलेला धीर हीच खरी मदत असते. हे मी मावशींच्या त्या पाटीपाशी शिकलो.