दिल्लीचे चार दिवस

दिवाळीची सुटी जवळ येऊं लागली, म्हणजे आमच्या परिचयांतील कोणी ना कोणी गृहस्थ सहकुटुंब दिल्लीस निघालेले असतात. आणि मी इतिहासाचा अध्यापक पडल्यामुळें 'तेथें काय काय पाहावें?' हा प्रश्न माझ्याकडे येतो. प्रश्नाबरोबर बहुधा एक यादीहि येते. तींत वीस-बावीस स्थळें असतात. दिवस मात्र चारच. ती यादी पाहिली कीं परीक्षेच्या आदल्या रात्रीं टिपणें घोकणारा विद्यार्थी मला आठवतो. त्याला त्या रात्रीं सर्व नांवें येतात, आणि आठ दिवसांनीं एकहि येत नाहीं.

दिल्ली हें एक शहर नव्हे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. तोमरांचा लालकोट, अल्लाउद्दिनाची सिरी, तुघलकाबाद, फिरोजाबाद, जुना किल्ला, शहाजहानाबाद, आणि १९११ सालीं घोषणा होऊन १९३१ सालीं ज्याचें उद्घाटन झालें तें इंग्रजांचें नवें शहर. अशा कित्येक राजधान्या एकमेकींच्या शेजारीं पडलेल्या आहेत. एका दिवशीं त्यांतली एक, फार तर दोन पाहाव्या; मुलें बरोबर असतील तर एकच.

पहिला दिवस मेहरौलीस द्यावा. कुतुबमिनार सुमारें २३८ फूट उंच आहे, त्यामुळें मुलांची मान आपोआप वर जाते. मी त्यांना खालीं पाहावयास सांगतों. शेजारच्या मशिदीच्या खांबांवर सांखळ्या व घंटा कोरलेल्या आहेत. २७ देवळांची सामग्री येथें लावली, असें तेथील शिलालेखच सांगतो. मिनाराच्या उंचीपेक्षां हे खांब अधिक बोलके आहेत.

दुसरा दिवस लाल किल्ल्याचा. (तो सोमवारीं बंद असतो.) दिवाण-इ-खासांत उभें राहिलें म्हणजे वाटाड्या मयूरासनाची कथा सांगूं लागतो: १७३९ सालीं नादिरशहानें तें लुटून नेलें. श्रोते हळहळतात. लुटारू परका असला म्हणजे हळहळणें सोपें असतें. परंतु मान वर करून पाहिल्यास तेथें रंगविलेलें लाकडी छत दिसतें. पूर्वीं त्या छतास चांदी होती, आणि ती नादिरशहाच्या तडाख्यांतूनहि वांचली होती. ती १७६० सालीं आपल्या सदाशिवरावभाऊंनीं काढविली व तिचीं नाणीं पाडविलीं. फौजेचा पगार तुंबलेला, रसद अपुरी, उत्तरेंत अब्दाली बसलेला. भाऊंची अडचण खोटी नव्हती.

आमची धाकटी मुलगी त्या वेळीं शाळेंत होती. छताची हकीकत ऐकून तिनें तेथेंच उभ्या उभ्या विचारलें, "बाबा, मग आपण नादिरशहाहून वेगळे कसे हो?" मी तिला भाऊंची निकड समजावून सांगितली, नादिरशहा खजिना घेऊन घरीं गेला आणि ही चांदी शिपायांच्या पोटांत गेली, हा भेदहि सांगितला. तिनें सर्व नीट ऐकून घेतलें. पटल्याचें चिन्ह मात्र मुद्रेवर उमटलें नाहीं. मला स्वतःलाहि तें उत्तर पुरेसें वाटत नाहीं. अटकेपार गेलेल्या झेंड्यांच्या गोष्टी आपण मुलांना हौसेनें सांगतों. तें छतहि त्यांना दाखवावें, असा माझा आग्रह आहे.

मग मुलें विचारतात, मराठ्यांचें म्हणून दिल्लींत काय आहे? मिनार नाहीं, मकबरा नाहीं. तालकटोऱ्याची बाग आहे. १७३७ च्या मार्चांत बाजीरावाची फौज राजधानीच्या दारांत येऊन थडकली, ती त्या बाजूस. बुराडी आहे, तेथें यमुनेच्या घाटावर १० जानेवारी १७६० रोजीं दत्ताजी शिंदे पडले. मी एकदां तेथें गेलों होतों. वस्ती, दुकानें, वाहनांचा कलकलाट. रिक्षावाल्यास मी कशासाठीं आलों आहें हें शेवटपर्यंत कळलें नाहीं. आणि यमुनेपलीकडे पटपडगंजची लढाई ११ सप्टेंबर १८०३ रोजीं होऊन शिंद्यांची सत्ता दिल्लींतून उठली. तिचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानांत आहे! चेंडूमागें हिंडणाऱ्यांपैकीं कितीजण तो वाचत असतील, देव जाणे.

तिसरा दिवस शक्य तर गुरुवार असावा. दुपारीं फिरोजशहा कोटल्यास जावें. तेथील अशोकस्तंभ फिरोजशहानें टोपरा गांवाहून आणविला. अफीफ नांवाच्या बखरकारानें ती हकीकत दिली आहे: स्तंभ पडतांना दुखावूं नये म्हणून खालीं सांवरीच्या कापसाचा ढीग रचला, मग ४२ चाकांच्या गाड्यावरून तो यमुनेवर नेला, आणि पुढें नावांवरून दिल्लीस. एवढा खटाटोप झाल्यावर सुलतानानें पंडितांना बोलावून लेख वाचावयास सांगितलें, तों एकासहि तो वाचतां येईना! ती लिपि १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेपनें उलगडली. लेखांत काय निघालें? रस्त्यांच्या कडेस वड लावविले, आंबराया केल्या, विहिरी खणविल्या. हें वाचून मला नेहमीं मोठी गंमत वाटते. त्याच भग्न किल्ल्यांत दर गुरुवारीं लोक जिन्नांच्या नांवानें अर्जांच्या चिठ्ठ्या ठेवून जातात. कोणाचें आजारपण, कोणाची नोकरी, कोणाचा कज्जा. सुशिक्षितांनीं तेथें हंसूं नये.

सायंकाळीं निजामुद्दिनास जावें. अमीर खुसरूची कबर आहे, पलीकडे गालिबाची आहे. परंतु मी लोकांना शोधावयास लावतों ती जहानआराची. शहाजहानची ही लाडकी कन्या. चांदणी चौकाची आंखणी तिची. त्या चौकांत शिरलें कीं आज खांद्याला खांदा लागतो. तिच्या कबरीवर छप्पर नाहीं. संगमरवराच्या मधोमध मोकळी माती, आणि तींत हिरवळ. बाजूस कव्वाली चाललेली असते. जोडे मात्र सांभाळावे.

चौथ्या दिवशीं कांहींच पाहूं नये. सकाळीं लोदी बागेंत जावें. तेथें १४४४ सालच्या सय्यद सुलतानाच्या मकबऱ्याजवळ म्हातारे फेऱ्या मारीत असतात आणि कुटुंबें चटया पसरून शिदोऱ्या सोडतात. आपणहि एखादें झाड पाहून सोडावी. मुलांना पळूं द्यावें. गाडी रात्रींची असते.