ब्राँझचे महाराज घेताना

घरात शिवाजी महाराजांची चांगली अश्वारूढ मूर्ती असावी, ही फार दिवसांची इच्छा. पण दुकानातल्या फळीवर सारख्याच दिसणाऱ्या मूर्ती, सगळ्यांना ‘ब्राँझ’च म्हणायचे आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक! विचारावे तरी काय, तेच कळेना. कोणी म्हणे वजन बघा, कोणी म्हणे लोहचुंबक लावा. चुंबक ब्राँझला चिकटत नाही हे खरे. पण ते जस्ताला किंवा रेझिनलाही चिकटत नाही. मग कळणार काय?

ओतकाम करणाऱ्या एका कारागिराने शेवटी मूर्ती उलटी धरायला शिकवले. तळाशी, रंग नसलेल्या जागी, विक्रेत्यालाच किंचित खरवडायला सांगायचे. तांबूस-सोनेरी चमक आली तर ब्राँझ असण्याची शक्यता. करडी-चंदेरी आली तर बहुधा जस्ताचा मिश्रधातू. ‘ब्राँझ फिनिश’ म्हणजे तर नुसता रंग. पितळही सोनेरीच दिसते, म्हणून धातूचे प्रमाण बिलावर लिहून मागायचे. आपल्याकडे पुतळ्यांसाठी ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ टक्के हे प्रमाण सर्रास वापरतात.

किमतीचे कोडे ओतकाम समजल्यावर सुटले. आधी मेणाची प्रतिकृती, तिच्याभोवती साचा. मग मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. प्रत्येक मूर्तीसाठी मेण नवे, साचा नवा, म्हणून किंमत जास्त. तळाशी ‘३/२५’ असे कोरलेले असेल तर ती पंचवीसपैकी तिसरी प्रत.

सगळ्यात गोंधळवले ते घोड्याच्या पायांनी. पाय उचललेला म्हणजे स्वार रणात पडला, असे जो तो छातीठोकपणे सांगतो. महाराजांचे निधन १६८० साली रायगडावर झाले, लढाईत नव्हे. तरी त्यांचे घोडे पाय उचललेले दिसतातच. शिल्पकार बघतो तो तोल आणि आवेश. घोडा कसा घडवावा हे पाहायचे तर पुण्यात शिवाजीनगरला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचा १९२८ सालचा पुतळा बघावा. त्यानंतर बाजारातले बरेचसे घोडे मला लाकडी वाटू लागले.

मी मूर्ती त्या कारागिराकडेच नोंदवली आहे. तुम्ही घेतलीत तर एक विनंती: पितळेच्या भांड्यासारखी ती चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. मूर्तीवरचा तपकिरी थर मळ नव्हे. तापलेल्या धातूवर रसायने लावून तो मुद्दाम आणलेला असतो. मऊ, कोरड्या फडक्याने पुसा, तेवढे पुरे.