तिरक्या रेघेपुढचा पॅटर्न

लॅरी वॉल हे नाव संगणकवाल्यांना ‘पर्ल’ या भाषेमुळे माहीत असतं. पर्ल आली १९८७ साली. त्याआधी, १९८४मध्ये, त्यांनी ‘आरएन’ नावाचा न्यूजरीडर लिहिला होता. यूजनेट या संगणकांवरच्या चर्चा-व्यवस्थेतल्या विषयवार गटांमधले, म्हणजे न्यूजग्रुपमधले, संदेश वाचायचा हा प्रोग्रॅम. पडद्यावर फक्त अक्षरं, हातात फक्त कीबोर्ड. मजकूर चाळण्याची पर्लची सगळी ओढ मला आरएनमध्ये आधीच दिसते. मी मजकूर-शोधाच्या क्षेत्रात काम करते आणि नव्या मुलांना शिकवायला बसले की सुरुवात आजही इथूनच करते.

यूजनेटची कल्पना १९७९मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचली. पुढच्याच वर्षी ते सुरू झालं. संदेश एका संगणकाकडून दुसऱ्याकडे, बरेचदा साध्या टेलिफोन लाइनवरून, पुढे जात. मध्यवर्ती जागा कुठेच नव्हती, त्यामुळे सगळ्यांसाठी शोधून देणारंही कोणी नव्हतं. जुने संदेश वेबवर शोधायची सोय ‘डेजा न्यूज’ने केली ती १९९५ साली. तोवर शोध घ्यायचा तो वाचणाऱ्यानेच.

आरएनमध्ये ग्रुप उघडला की तिरकी रेघ टाइप करायची, तिच्यापुढे पॅटर्न, मग एंटर. ज्याच्या विषयाच्या ओळीत तो पॅटर्न सापडेल असा पुढचा न वाचलेला संदेश समोर येतो. रेघेच्या जागी प्रश्नचिन्ह दिलं तर शोध मागे जातो. ही रीत युनिक्सच्या ‘ईडी’ एडिटरमधली. ‘व्हीआय’ आणि ‘लेस’मध्ये ती अजून चालते. पॅटर्न म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, बोलण्यात रेजेक्स. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. तारका म्हणजे तिच्या आधीचं अक्षर शून्य किंवा कितीही वेळा. चौकटी कंस म्हणजे आतल्यापैकी कुठलंही एक. पॅटर्ननंतर पुन्हा तिरकी रेघ देऊन एखादं अक्षर जोडलं की व्याप्ती बदलते: ‘एच’ने संपूर्ण हेडर, ‘ए’ने अख्खा संदेश, ‘आर’ने वाचून झालेले संदेशही. ‘सी’ दिलं तर इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांतला फरक धरला जातो, एरवी धरत नाहीत. या ‘सी’कडे मी परत येणार आहे.

खरी करामत त्याच्या पुढे आहे. शेवटी अपूर्णविराम आणि ‘जे’ लिहिलं की पॅटर्नला जुळणारे सगळे संदेश ‘वाचले’ म्हणून नोंदले जातात, म्हणजेच डोळ्यांआड होतात. हीच ओळ ‘किल’ नावाच्या फाइलमध्ये ठेवली की ग्रुपमध्ये शिरताना दर वेळी आपोआप चालते. प्रत्येक ग्रुपची स्वतंत्र किल फाइल, शिवाय सगळ्यांसाठी मिळून एक. ग्रुपच्या फाइलमध्ये ‘थ्रू’ शब्द आणि एक क्रमांक अशी ओळ असते: इथपर्यंतचे संदेश तपासून झाले, आता याच्या पुढचे. त्या काळी संगणकाचा वेळ किती जपून वापरत ते या एका ओळीत कळतं. फाइल साध्या मजकुराची. कोणता विषय, कोणतं नाव आपल्याला नको ते तिच्यात स्वच्छ वाचता येतं आणि मन बदललं तर ओळ पुसता येते. आज आपल्या फोनवर काय दिसावं हे ठरवणारे नियम असे उघडून वाचायला मिळत नाहीत. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

जॉन डेव्हिस यांच्या ‘एसएलआरएन’ या न्यूजरीडरने यात भर घातली. तिथे पॅटर्नला जुळणाऱ्या संदेशाला गुण देता येतात, अधिक किंवा उणे, आणि नियमाला मुदतही घालता येते. एखाद्या विषयावरचं भांडण निवलं की आपला नियमही संपावा, ही सोय ज्याला सुचली त्याला माणसं कळत होती.

‘टिन’ या दुसऱ्या रीडरबद्दल एवढंच सांगते की तो मुळात ‘वाइल्डमॅट’ पद्धतीने जुळवतो. तिथे तारका म्हणजे काहीही. रेजेक्सची सवय असेल तर सेटिंग बदलून घ्यावं. आणि विषयाची ओळ शोधणं स्वस्त असतं, मजकूर शोधणं महाग. सर्व्हरकडून विषय, लेखक, तारीख असा गोषवारा एकगठ्ठा येतो. आतला मजकूर तपासायचा तर प्रत्येक संदेश मागवावा लागतो.

आता मराठी. यूजनेटवर ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ नावाचा ग्रुप होता. तिथे देवनागरीची सोय नव्हती, मराठी रोमन अक्षरांत लिहावी लागे. दिवाळी शोधायची तर कोणी ‘व्ही’ लिहिलेला, कोणी ‘डब्ल्यू’, कोणी एक ‘ए’, कोणी दोन. म्हणून चौकटी कंसात ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही ठेवायचे, पुढे एक ‘ए’, मग आणखी एक ‘ए’ आणि त्याला तारका. दीपावलीसाठी पॅटर्न वेगळा. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ पद्धतीत ‘ळ’साठी मोठा ‘एल’ आणि ‘ण’साठी मोठा ‘एन’ असतो. तसं लिहिलेल्या संदेशांत ‘सी’ न देता शोधलं तर काल आणि काळ, बाल आणि बाळ, वेल आणि वेळ एकत्र येऊन पडतात. पॅटर्न नेमका लिहायचा तर समोरच्याने कसं लिहिलं असेल याचा आधी विचार करावा लागतो. माझ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

देवनागरी युनिकोडमध्ये आल्यावर हा विचार संपला असं नाही. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने, एकदा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, साध्या शोधात मात्र एकाला दुसरा सापडत नाही. शिवाय ‘की’ हे आपल्याला एक अक्षर, पण संगणकाला ‘क’ आणि वेलांटी अशी दोन चिन्हं. त्यामुळे पुष्कळ प्रोग्रॅममध्ये एका टिंबाने ते पूर्ण पकडलं जात नाही.

जुने दिवाळी अंक, नियतकालिकं, घरातली हस्तलिखितं संगणकावर टाइप करून घेणारी बरीच मंडळी आज मनापासून काम करत आहेत. त्यांना माझी विनंती आहे: नुसती पानांची छायाचित्रं ठेवू नका, सोबत साधा युनिकोड मजकूरही ठेवा, आणि ‘ऱ्या’ सगळीकडे एकाच तऱ्हेने, स्वतंत्र ‘ऱ’ वापरून लिहा.