आतली आच
दिवाळीच्या फराळाला माझा एक जुना विद्यार्थी आला. तो नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला आहे. बोइंग ७८७ विमानात प्रवाशांच्या पायांखाली असणाऱ्या तुळया तिथे कार्बनचे धागे व राळ यांपासून बनतात.

“भट्टीची आच बाहेरून आत जाते, म्हणून राळ पक्की व्हायला तासन्‌तास लागतात. मायक्रोवेव्हने ती आतूनच तापते, वेळ वाचतो. पण कार्बन वीजवाहक, लहरी परतवतो, ठिणग्या उडतात,” तो म्हणाला.

मला गोवऱ्यांच्या आरातले रोडगे आठवले. घाई केली की वरून करपलेले, आत कच्चे!

“तुलाही मी छडीने वरूनच भाजले, नाही का?”

तो हसला. “बाबा गेले तेव्हा तुम्ही घरी बोलावून जेवू घातलेत, सर. आच तिथे लागली.”

चकलीचा तुकडा माझ्या हातातच राहिला.